सोडवलेल्या देशाने काय वाचावं? (यादी करणाऱ्यांसाठी)

समजा तुमच्या सैन्याने एखादा देश शत्रूच्या ताब्यातून नुकताच सोडवलाय आणि तिथल्या लोकांनी आता काय वाचायचं हे ठरवायची फाईल नेमकी तुमच्या टेबलावर येऊन पडलीये, तर अजिबात टेन्शन घेऊ नका, अमेरिकेने १९४४-४५ मध्ये युरोपसाठी हे सगळं करून ठेवलंय, आपण फक्त कित्ता गिरवायचा.

आधी घोषवाक्य. त्यांचं होतं, विचारांच्या लढाईत पुस्तकं ही शस्त्रं आहेत. एकदा शस्त्र म्हटलं की ते कुणाच्या हातात द्यायचं हे सरकारच ठरवणार ना, कोण विचारतंय!

पण सरकारचं नाव पुढे करायचं नाही हां. यादी युद्ध माहिती कार्यालयाने (म्हणजे अमेरिकी सरकारच्या प्रचार खात्याने) पास करायची आणि पुस्तकावर नाव 'ओव्हरसीज एडिशन्स' या ना-नफा संस्थेचं. ७२ पुस्तकं, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन मिळून प्रती ३६ लाखांच्या घरात. टेनेसी खोऱ्यातल्या धरणांवरचं पुस्तक आवर्जून घेतलेलं, कारण धरण कसं, दिसायला भव्य आणि कुणाशी वाद घालत नाही. आणि प्लीज फुकट वाटू नका! फुकट दिलं की लोकांना लगेच प्रचाराचा वास येतो, वर तिथला पुस्तकवाला बोंब मारतो ती वेगळीच. तेच पुस्तक दुकानातून खिशातले पैसे मोजून घेतलं की माणूस त्याला साहित्य म्हणतो आणि पाहुण्यांना दिसेल असं कपाटात लावतो.

घरच्यांकडेही लक्ष असू द्या. त्याच १९४४ मध्ये अमेरिकेत निवडणूक होती, म्हणून कायदाच केला की सरकारी खर्चाने सैनिकांना राजकीय मतं असलेली पुस्तकं द्यायची नाहीत. म्हणजे जो पोरगा नॉर्मंडीत विचारस्वातंत्र्यासाठी गोळ्या झेलतोय त्याच्या हातात विचार पडू नये याची काळजी. बोंबाबोंब झाल्यावर ऑगस्टात कायदा सैल केला म्हणा.

(आमच्या देशाचं काय, असं कुणी विचारलं तर चर्चिलसाहेबांचं उत्तर पाठ करून ठेवा. अटलांटिक सनदेतलं (म्हणजे रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या संयुक्त जाहीरनाम्यातलं) स्वराज्य नाझींनी गिळलेल्या युरोपासाठी, हिंदुस्थानसाठी नव्हे, असं त्यांनी १९४१ लाच सांगून टाकलंय. इकडे १९४२ मध्ये इंग्रजांनी गांधीजींचं साप्ताहिक 'हरिजन' बंद पाडलं तेव्हा कुठलीच नवी यादी आली नाही.)

शेवटी जुना माल. जर्मनीत नाझींनी १९३३ ला पुस्तकं जाळली म्हणून तुम्ही पोस्टरं छापली असतील, तर स्वतः चौकात काड्या ओढत बसू नका, बरं दिसत नाही. १३ मे १९४६ ला दोस्त राष्ट्रांनी काढला तसा साधा 'आदेश क्रमांक ४' काढायचा, लायब्ऱ्या आणि दुकानांनी नाझी आणि युद्धखोर पुस्तकं जमा करावीत, पुढे ती नष्ट होतील. नंतर कुणी प्रोफेसर कुरकुरलाच तर त्यांच्यासारखीच ऑगस्टात दुरुस्ती करा, अभ्यासापुरत्या थोड्या प्रती कडक देखरेखीखाली ठेवायला हरकत नाही म्हणून.