पालिका शाळा मुळापासून कशी सुधारावी

पालिकेच्या शाळा सुधारण्याच्या कामावर नेमणूक झाल्याबद्दल अभिनंदन! एकेक वर्ग सुधारत बसण्यापेक्षा अख्खी शाळाच मुळापासून बदलायची, हा तुमचा विचार फार थोर. मूळ म्हणजे अर्थातच फाटकावरची पाटी. मुंबईत 'मुंबई पब्लिक स्कूल' झालंच ना! शाळा आधीपासून पब्लिकचीच होती, तेवढं इंग्रजीत कळवायचं राहिलं होतं.

मग पालकांना सामील करून घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक लागतात, आणि समितीत निम्म्या बायका. म्हणून बैठक सकाळी अकराला ठेवा. त्या वेळी निम्म्या आया चार घरची धुणीभांडी करत असतात, त्यामुळे चर्चा लांबत नाही. सह्या संध्याकाळी घेता येतात.

शिक्षकांवर मात्र बारीक लक्ष हवं. ते वर्गात सापडले तर गाफील राहू नका. 2009 च्या त्या कायद्याचं कलम 27 म्हणतं, शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. अपवाद फक्त तीन: जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. तीनच! पण मतदारयादी कधी पुरी झाली आहे का? बाईंना बीएलओ, म्हणजे घरोघरी जाऊन मतदारयादी तपासणारा अधिकारी करा, चाळीचे जिने चढू द्या. चौथीचा वर्ग तिसरीच्या बाई बघतील. तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायदा म्हणतो. साठांमागे एक झाला तर बाईंचा आवाज सुधारतो.

पट घसरला की खुलासा मागवायला विसरू नका. रस्तारुंदीत झोपड्या गेल्या, कुटुंबं माहूलला नाहीतर मानखुर्दला हलवली, तिथून शाळेत यायला मुलाला दोन बस बदलाव्या लागतात, असली कारणं मुख्याध्यापक सांगतील. ऐकू नका. झोपडी जाते, गुणवत्ता का जावी?

तंत्रज्ञान तर हवंच. पालिकेने 2015 साली आठवीच्या पोरांना टॅब दिले, म्हणजे दप्तराचं ओझं जाणार होतं. तुम्हीही द्या, समारंभ करून द्या. दुरुस्तीची तरतूद विचारणाऱ्याची बदली करा. (वाचनालयाला कपाट मागणारा एक सर मला माहीत आहे. त्याला टॅब ठेवायचं कपाट मिळालं.)

आता खरी गोष्ट: वाचन. मुलं कुठे अडखळतात हे बाईंना तोंडपाठ असतं. पण तोंडपाठ माहिती पोर्टलवर चढत नाही. त्यासाठी पायाभूत चाचणी घ्या, मग संकलित चाचणी, मग चाचणीचे गुण भरा, मग गुण भरल्याचा अहवाल भरा. 'क' आणि 'फ'मध्ये गोंधळणाऱ्या पोरीजवळ बसायला या सगळ्यात पाच मिनिटं उरली, तर एखादा रकाना वाढवता येतो.

रोज वाचनतासाचा फोटो मात्र सक्तीचा करा. पुस्तकं उघडी हवीत, मुलं खाली बघणारी हवीत, बाई मध्ये उभ्या. नेटवर्क येऊन फोटो चढेपर्यंत तास संपत येतो. तेवढ्यात पुस्तकं गोळा करून घ्या. पुढच्या वर्गाच्या फोटोला तीच लागतात.