अंगठ्यानंतरचा प्रश्न

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. जव्हारकडच्या एका पंचायतीत आदिवासी बाई सरपंच झाली, कारभार नवरा पाहतो. ‘पन्नास टक्के आरक्षणाने काय साधलं?’ मामेभावाचा सवाल. सरपंचपती हा प्रकार खराच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण वाद खुर्चीपाशीच अडतो.

आई तिकडे शिक्षिका होती. लहानपणी तिच्यासोबत एका ग्रामसभेला गेलो होतो. पुरुष खुर्च्यांवर, बायका भिंतीला टेकून खाली. ग्रामसेवक ठराव वाचत होते. ती सरकारी मराठी मलाच कळेना, घरात वारली नाहीतर कोकणा बोलणाऱ्या बायकांना काय कळणार? दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन पाड्यावर आला. एका म्हातारीने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि आईला विचारलं, ‘बाई, काल काय ठरलं?’

मी राहतो नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये. इथल्या सामी आदिवासींची पहिली परिषद याच शहरात भरली, ६ फेब्रुवारी १९१७ला, आणि ती घडवून आणण्यात एल्सा लौला रेनबर्ग ही सामी बाई पुढे होती. आज काराशोकला त्यांची ३९ सदस्यांची संसद आहे. म्हणून नॉर्वेचे गोडवे गाऊ नयेत. जवळच्या फोसेनमधल्या पवनचक्क्यांचे परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये अवैध ठरवले, कारण सामींची रेनडिअर चरतात ती जमीन. निकालानंतरही पाती फिरतच राहिली. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतलं अंतर इकडेही आहेच.

आपल्याकडे कागद तर भक्कम आहे. १९९६चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, आणि राज्याचे २०१४चे नियम यांमुळे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. चार किलोमीटर चालून पंचायतीच्या गावी जायचं, भिंतीला टेकायचं, यापेक्षा आपल्याच झाडाखाली, आपल्याच बोलीत बोलणं वेगळं. वनहक्काच्या नियमांत तर हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका हव्यातच. पण हजर म्हणजे रजिस्टरात की सभेत?

मी भावाला एवढंच विचारलं, ‘तुमची पुढची ग्रामसभा कधी?’

‘२६ जानेवारीला. का रे?’

दिवाळीनंतर जगायला गेलेली कुटुंबं होळीला परततात. जानेवारीत अर्धा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर असतो, बायकांसकट. तेवढं लिहून पाठवलं. खाली कुणीतरी हळदीचे फोटो टाकले.