हर्णैची कोळंबी आणि परराष्ट्र धोरण

"परराष्ट्र धोरण म्हणजे ग्रामसभा नव्हे," असं माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, आणि माझं डोकं फिरलं. तो पुण्यात आंतरराष्ट्रीय संबंध शिकतो. निमित्त हर्णैच्या काकांच्या रागाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, त्यातला निम्मा भारत रशियाचं तेल घेतो म्हणून. काकांचं म्हणणं: तेल घेणार दुसरे, भाव पडणार आमच्या कोळंबीचा, आम्हाला विचारलं कुणी?

भाच्याने त्यांना सोललंच. अमेरिकेला जाते ती तळ्यात वाढवलेली, बरीचशी आंध्राची. समुद्रात धरलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने २०१९ पासून बंदच केली आहे, कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यातून कासव सुटून जायची सोय नसते. तेव्हा आजोबा, हर्णैचा भाव आणि रशियाचं तेल यांचा संबंध नाही.

माहिती अगदी बरोबर. दोन तासांनी काकांची एकच ओळ आली. "आंध्राची तिकडे नाय गेली तर मुंबईलाच येईल ना? मग आमची घेतंय कोण?"

यावर पुण्याहून अजून काही आलेलं नाही.

मी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला राहतो. ७ मार्च २०२१ ला इथे इंडोनेशियाशी झालेल्या व्यापार करारावर लोकांचं मतदान होतं, वाद मुख्यतः पाम तेलाचा. आमच्या जिन्यातली शेजारीण वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. धुण्याची पाळी तिची होती. मशीन फिरत असताना तळघरात बसून तिने मतदानाची लाल पुस्तिका वाचली, सरकारची बाजू आणि विरोधकांचीही, आणि मतपत्रिकेचं करडं पाकीट चिकटवून टाकलं. करार ५१ टक्क्यांच्या थोड्या वर मतांनी तरला. याच स्वित्झर्लंडसकट चार देशांशी १० मार्च २०२४ ला भारताने करार केला. आपल्याकडे असा करार मंजूर करायला संसदेचंही मतदान लागत नाही, हर्णैच्या काकांची गोष्टच सोडा.

हे ग्रुपवर टाकल्यावर भाच्याला अर्थातच १९५९ सापडलं. त्या साली इथल्या पुरुष मतदारांनी बायकांचा मताधिकार फेटाळला, तो मिळायला १९७१ उजाडलं. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जायलाही तीन चतुर्थांश लोकांनी नकार दिला, सरकार जा म्हणत असताना. खरं आहे. २००२ मध्ये त्याच लोकांनी हो म्हटलं, हे मात्र त्याने गाळलं. सोयीचं तेवढं उचलायचं, ही खोड आमच्या घराण्यातच असावी, कारण मीही पुढे तेच करणार आहे.

ऑगस्ट १९९०. इराकने कुवेत गिळलं आणि आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेनशी त्यांची गळाभेट जगभर छापून आली आणि जाणत्यांनी खूप नाकं मुरडली. तोपर्यंत आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात घराघरात रेडिओला कान लागलेले, कारण कमावते पुरुष सगळे तिकडे. पुढे एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मानमार्गे लाखाहून जास्त माणसं आणली. आमचे शेजारचे चाचा त्यातच आले, एक पिशवी आणि कुवेतच्या फहाहीलमधल्या किराणा दुकानाची किल्ली घेऊन. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवलेली होती, ती त्यांनी ओटीवरच्या खुंटीला अडकवली. मिठी चुकली की बरोबर, हे त्या ओटीवर कुणी विचारलं नाही. गुजराल स्वतः गेले, एवढं त्यांनी धरून ठेवलं. अम्मानची विमानं, कागदपत्रं, परवानग्या हे सगळं दूतावासातल्या जाणकारांनीच जुळवलं, तेही मान्य. पण त्या मिठीची किंमत ठरवायला चाचांपेक्षा लायक माणूस मला दिल्लीत दाखवा.

इथे मला स्वतःला करडं पाकीट येत नाही. नागरिकत्वासाठी लागणारी दहा वर्षं कधीच उलटली, शेजारीण दर मतदानाला म्हणते, पासपोर्ट घेऊन टाक. घेतला की भारताचा परत करावा लागतो, आणि अर्ज तिथे अडतो. तिकडे २०१० च्या दुरुस्तीपासून परदेशस्थ म्हणून मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. माझी रजा गणपतीसाठी राखलेली असते. निवडणुकीसाठी कधी काढावीशी वाटली नाही, आणि इथल्या लोकशाहीचे गोडवे गाताना हे मी सहसा सांगत नाही.

भाच्याने नेमकं तेच काढलं. "मामा, तुम्ही ना तिकडचे मतदार, ना इकडचे. मग सामान्य मतदाराच्या बाजूने कुठल्या नात्याने भांडताय?"

काकांचा पुतण्या म्हणून, असं मी लिहिलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.