ताई, जरा बाजूला व्हा

आज संध्याकाळी सारसबागेजवळ डोंबाऱ्याचा खेळ चालला होता. दोन्हीकडे बांबूच्या कैच्या, मध्ये दोरी, दोरीवर आठ-नऊ वर्षांची पोर काठी आडवी धरून चाललेली आणि खाली तिची आई ढोलकी वाजवतेय. गर्दी बघून मला बरं वाटलं, म्हटलं चला, लोक थांबतायत तरी. जवळ गेले तर सगळ्यांचे मोबाईल वर, आणि एक पोरगा ट्रायपॉड-बिपॉड लावून त्या आईला म्हणतो, "ताई, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

आणि ती झाली हो बाजूला! ढोलकी वाजवत वाजवतच सरकली. अरे, तिच्या ठेक्यावर ती पोर पाऊल टाकतेय, खेळ तिचा, पोर तिची, आणि फ्रेम तुझी??

आता त्या रीलवर वरून कुठलंतरी रडकं म्युझिक चिकटवणार, म्हणजे बाई गेली, तिची ढोलकीपण गेली. राहिलं काय, तर "रिअल टॅलेंट" आणि खाली याच्या पेजचं नाव.

मी त्याला विचारलंच, यांचं नाव विचारलंस का रे? तर म्हणे, "काकू, उलट मी त्यांना एक्सपोजर देतोय." एक्सपोजर! थाळीत तेव्हा दहा-दहाच्या चार नोटा आणि थोडी चिल्लर होती.

बरं, व्हायरल होऊन भलं होतं कधीकधी, मान्य. २०२० च्या जुलैत, लॉकडाऊनमध्ये, हडपसरच्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवार रस्त्यावर लाठीकाठी फिरवत होत्या, व्हिडिओ फिरला, रितेश देशमुखने शेअर केला, तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी भेटून एक लाख रुपये आणि नऊवारी दिली, सोनू सूद ट्रेनिंग स्कूल काढू म्हणाला. आनंदच झाला मला, मीपण शेअर केला होता. पण आजी आठ वर्षांच्या असल्यापासून हे करत होत्या हो! हिंदी सिनेमात छोटी कामंसुद्धा केलेली. एवढं आख्खं आयुष्य रस्त्यावर गेलं ते कोणाला दिसलं नाही, एका व्हिडिओत दिसलं. आणि तेव्हाही किती जणांना त्यांचं नाव माहीत होतं? सगळे "वॉरियर आजी, वॉरियर आजी".

आणि हाच मोबाईल बरं का. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ५ माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, पार मंगळवेढ्याकडून आलेली, व्हॉट्सअॅपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती म्हणून जमावाने ठेचून मारली. त्यांनाही कोणी नाव-गाव विचारून खात्री केली नाही. हे लिहितानासुद्धा हात थरथरतोय.

कायदा तर विचारूच नका. १९५९ चा भीक मागायला बंदी घालणारा कायदा आहे, त्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरत अशा कुठल्याही निमित्ताने रस्त्यावर पैसे मागितले तर ती भीक, आणि पहिल्यांदाच पकडलं तरी १ ते ३ वर्षं डांबून ठेवता येतं. दिल्लीत हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, आपल्याकडे मात्र आहेच. म्हणजे एकाच फुटपाथवर, एकाच खेळावर, ट्रायपॉडवाला कमावतो तो क्रिएटर आणि जिला त्याने बाजूला सारलं ती भिकारी?

पोर शाळेत पाहिजे, दोरीवर नाही, हेही खरंच. पण ते सांगायचं तर आधी तिच्या आईशी बोलायला नको का कोणी?

मी बसले मग तिच्याजवळ, खेळ संपल्यावर. रागावलेली वगैरे काही नव्हती ती. म्हणाली, पोरं शूटिंग करतात, करू द्या, गर्दी दिसली की अजून माणसं थांबतात. तिचंही बरोबर असेल, तिला रोज रस्त्यावर उभं राहायचंय, मला नाही. पण पैसे टाकून, विचारून, मग काढा ना व्हिडिओ! आणि ढोलकी ठेवा त्यात, तीच तर खरी कला आहे, पोरीचा तोल त्याच्यावर आहे.

फोटो मी काढलेला नाही, मागू नका. अजून दोन-तीन दिवस ते इथेच आहेत म्हणाली. तुमच्यापैकी कोणी भटक्या-विमुक्तांच्या मुलांच्या शाळेचं, वसतिगृहाचं काम करत असेल तर इनबॉक्समध्ये या, मी तिला विचारून गाठ घालून देते.