शहाळ्याचं यंत्र मेमध्येच का बंद पडतं?

किनाऱ्यावरच्या गावात कचरा डेपोवर श्रेडर, म्हणजे कचऱ्याचे बारीक तुकडे करणारं यंत्र, येतो आणि नेमका पर्यटकांच्या गर्दीत बंद पडतो. ओल्या शहाळ्याचा काथ्या शाफ्टला गुंडाळतो, पाती अडकतात, मोटर जळते. तीच शहाळी कोयत्याने चार फाका करून, उन्हात चांगली वाळवून, सुक्या पाल्यासोबत थोडी थोडी घातली तर यंत्र निभावून नेतं. डेपोवरच्या मुकादमाला हे ठाऊक असतं. पण निविदेच्या अटी लिहिताना त्याला कोणी विचारत नाही. नगरपरिषदेत नवीन काही रुजत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

वेंगुर्ल्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२,३९२. एवढ्याशा गावाने घरातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि डेपोची बाग केली. म्हणजे लहान नगरपरिषदेला जमत नाही हे म्हणणं टिकत नाही. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. मुकादम, फिटर, लिपिक मात्र निवृत्तीपर्यंत तिथेच असतात. नवीन कामाची जबाबदारी त्यांच्यावर टाका, आणि त्यासाठी वेळही द्या.

चार माणसं पुरतात : आरोग्य विभागाचा मुकादम, पाणीपुरवठ्याचा फिटर, संगणक चालवणारा एक जण आणि लेखापाल. आठवड्यातून दोन तास, कार्यालयीन आदेश काढून. तोंडी सांगितलं तर दुसऱ्याच आठवड्यात करवसुलीचं काम आडवं येतं. लेखापाल पहिल्या दिवसापासून हवाच, नाहीतर काम होतं आणि देयक कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यात, टाकायचं यावर फाईल अडते.

खरी भीती लेखापरीक्षणाची असते. प्रयोग फसला की ‘निष्फळ खर्च’ असा आक्षेप निघेल, वसुली आपल्या पगारातून होईल, या धास्तीने लिपिक सही टाळतो. त्याला दोष देऊ नये. सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहा की हे काम प्रायोगिक आहे, खर्चाची मर्यादा इतकी, बंद करण्याची तारीख अमुक, आणि काय मोजून निर्णय घेणार ते. अंदाजपत्रकात ‘प्रायोगिक कामे’ असं वेगळं लेखाशीर्ष ठेवा, दोन-तीन लाखांचं का असेना. मग सही करणाऱ्याच्या पाठीशी कागद उभा राहतो.

प्रयोग एका प्रभागात, दोनशे घरांत, आठ आठवडे. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त घंटागाडीतला ओला-सुका कचरा रोज तोलून वहीत लिहा. हे आकडे नसतील तर शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. गणपतीचा आठवडा हिशेबात वेगळा धरा. चाकरमानी आले की घरटी माणसं दुप्पट होतात. आणि जे उन्हाळ्यात जमलं ते जुलैत पुन्हा करून बघितल्याशिवाय गावभर नेऊ नका.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. तेव्हापासून नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्रांबद्दल बोललं जातं. ती जरूर बसवा. पण सलग झडीत सौर बॅटरी चार्ज होत नाही, खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, सिमचा रिचार्ज संपलेला कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पुलाच्या खांबावर रंगाच्या पट्ट्याही आखा, दर तासाला फोटो पाठवणारा माणूस नेमा, आणि रिचार्ज कोण मारणार त्याचं नाव आदेशात लिहा.