पुडा उलटून बघा, एवढंच म्हणणं आहे

ताई, तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि मला ती आवडली. उत्तर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

‘ताटातली फॅशन’ या माझ्या लेखावर तुम्ही म्हणता की नाचणीच्या भाकरीचं कौतुक घरी वेळ असणाऱ्या बाईला परवडतं. सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल पकडून नवी मुंबईतलं ऐरोली गाठणारी आणि रात्री आठला घरी पोचणारी बाई ओट्स नाहीतर प्रोटीन बार खाते, त्यात बिघडलं कुठे? कपड्यांवरूनही तुम्ही सुनावलंत: पैसे आमचे, अंग आमचं, तुम्ही कोण सांगणाऱ्या? आणि जाता जाता टोला, की पावसाळ्यात रानभाज्यांचे फोटो टाकणं हीसुद्धा फॅशनच.

टोल्यापासूनच सुरू करते. हो, ती फॅशन आहे, आणि ती आली याचा मला आनंद आहे. पावसाच्या तोंडावर आदिवासी पाड्यांवरच्या बायका ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, मग टाकळा, कुरडू, कंटोली येतात. फोटो बघून एखादी मुलगी त्या टोपलीपाशी थांबली आणि दोन पैसे त्या बाईच्या हातात पडले, तर त्या फॅशनला मी का नावं ठेवीन? फक्त एक बघा. शेवळं देताना ती बाई बरोबर काकडं देते, आंबट हिरवी फळं. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे कण असतात, त्याने घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं नाहीतर चिंच घालायची. हे टोपलीमागे बसलेल्या बाईला ठाऊक असतं, फोटोत ते येत नाही. नुसता फोटो बघून कोणी भाजी केली, तर घसा धरून बसेल आणि पुन्हा शेवळांचं नाव घेणार नाही. ट्रेंड आला तर येऊ दे, पण सोबत काकडं द्यायला कोणीतरी हवं. त्या लेखात मला हेच म्हणायचं होतं आणि आजही तेच म्हणते.

आता ओट्स. खुशाल खा. साध्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि त्याने कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, हे नीट तपासलेलं आहे. माझा आक्षेप ‘मसाला’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या पाकिटांवर आहे, कारण तिथे ओट्सच्या नावावर मीठ विकलं जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे सोडियम साधारण २००० मिलिग्रॅम. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, तेही मागे, बारीक अक्षरात. तो आकडा ‘१०० ग्रॅममागे’ आहे की ‘एका वाढणीमागे’, हे बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि तेव्हापासून नाचणी जिथेतिथे दिसू लागली. नाचणी गुणी धान्य आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण पुड्यावर नाचणीचं चित्र असणं वेगळं आणि पुड्यात नाचणी असणं वेगळं. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तसा नियमच आहे. ‘मल्टिग्रेन’ म्हणून मिळणारा एखादा बिस्किटाचा पुडा दुकानात उभ्या उभ्या उलटा करा. पहिलं नाव मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी कुठेतरी खाली कंसात, दोन-तीन टक्के, असं पुष्कळदा दिसेल. ‘हेल्थ ड्रिंक’चंही तसंच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. इतकी वर्षं आपण तो शब्द वाचून मुलांच्या दुधात चमचे ढवळत होतो, याचा मला खरोखर राग येतो.

प्रोटीन बारला मी विष म्हटलेलं नाही. भुकेच्या वेळी वडापावपेक्षा तो बरा असेलही. पण तो न खाल्ल्याने आपण मागे पडतो, ही भीती कोणी घातली? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. एका अंड्यात ६, मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, वाटीभर घट्ट वरणात तितकीच, १०० ग्रॅम बांगड्यात १९-२०. शेंगदाणे-फुटाण्यांचा डबा पर्समध्ये मावतो आणि त्यामागची यादी वाचावी लागत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र तुमचा सर्वांत खरा आहे. ‘घरचं ताजं खा’ हा सल्ला बहुतेक वेळा एकाच माणसाला दिला जातो आणि ते माणूस बाई असतं. मी तसं कधी म्हणणार नाही. ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रं चालतात ती याच गरजेवर. तिथून पोळ्या आणि उसळ आणली आणि घरी फक्त कोशिंबीर चिरली, तर ते जेवण कुठल्याही अर्थाने कमी नाही. उलट कुठल्यातरी दुसऱ्या बाईचा संसार त्यावर चालतो. कोशिंबीर चिरायला घरातल्या पुरुषाचेही हात चालतात. रात्री मटकी भिजत टाकायला ‘वेळ’ लागत नाही, आठवण लागते, आणि ती आठवण ठेवणं एकटीचं काम नाही. भाकरी कोणी थापली यावर आरोग्य ठरत नसतं.

कपड्यांच्या बाबतीत तर मी पुष्कळशी तुमच्याच बाजूची आहे. दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला पोरं-पोरी नटून येतात, ते बघायला मला मनापासून आवडतं. पहिल्या नोकरीतल्या मुलीला चारचौघींत नीटनेटकं दिसावंसं वाटतं, ही गरज खरी आहे, तिला उथळ म्हणणं अन्याय आहे. नको असलेला कुर्ता उद्या अंगातून काढता येतो. खाल्लेलं काढता येत नाही, म्हणून ताटातल्या फॅशनवर मी जास्त कडक लिहिते.

तरी कपड्याचीही मागची बाजू असते. खणाच्या साडीचं घ्या. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, चोळीपुरता अरुंद विणला जाणारा. आज त्याच नक्षीची यंत्रमागावरची पॉलिस्टर साडी ‘प्युअर खण’ म्हणून गळ्यात मारली जाते. घेताना पदराच्या कडेचा एक धागा मागून घ्या आणि काडी लावा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि हलकी राख पडते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. स्वस्त मिळाली म्हणून पॉलिस्टरचीच घ्या हवी तर, पण पॉलिस्टरच्या भावात घ्या.

आणि आपली हवा विसरू नका. मे महिन्यात ट्रान्स हार्बरच्या गर्दीत घट्ट सिंथेटिक लेगिंग घालून तासभर उभं राहिलं की घाम जिरायला जागा नसते. गजकर्णाच्या पेशंटला त्वचेचे डॉक्टर सैल सुती कपडे घाला म्हणतात ते उगाच नाही. ट्रेंडमधला कॉर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाची वरखाली जोडी, सुतीही मिळतो. आतलं लेबल बघून घ्या.

‘तुम्ही कोण सांगणाऱ्या’ हा प्रश्न मला खटकला नाही. सांगणारी मी कोणी नाही, पण विकणारे रोज सांगत असतात आणि त्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तुमच्या पर्समध्ये असतो त्या बारच्या मागच्या यादीचा फोटो इथे खाली टाकाल का? पहिली चार नावं आणि साखरेचा आकडा दिसला तरी पुरे, आपण सगळे मिळून वाचू. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही साखरेची नाहीतर तिच्या भावंडांची नावं वर दिसली तर तसं सांगेन. यादी चांगली निघाली तर तेही तितक्याच मोकळेपणाने लिहीन, आणि ऐरोलीला उतरणाऱ्या बाकीच्या बायकांनाही तोच घ्या म्हणेन.