‘सामाजिक उद्योग प्रमाणपत्रा’चे 4,999 रुपये भरू नका

सोलापुरातल्या बचत गटांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘4,999 रुपयांत केंद्र सरकारचं सामाजिक उद्योग प्रमाणपत्र. कर माफ, जीएसटी माफ, विनातारण कर्ज.’ खाली बारीक अक्षरांत ‘सेक्शन 8’. काकूच्या गटातल्या बायका आज पैसे भरायला निघाल्यात, म्हणून हे तातडीनं.

असं प्रमाणपत्र आपल्याकडे नाहीच. दक्षिण कोरियात आहे, 2007 पासून, कायद्यानं. इथे सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांत सामाजिक उद्योगाची व्याख्या आहे, पण ती शेअर बाजारातून पैसा उभारणाऱ्यांसाठी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या गटाचा तिथे काय संबंध? छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी हवी असेल तर ती आधार-पॅनवर फुकट होते.

खरा घात त्या ‘सेक्शन 8’मध्ये आहे: प्रमाणपत्राच्या नावाखाली तुमची ना-नफा कंपनीच काढली जाते. कंपनी कायदा 2013, कलम 8 वाचा: नफा उद्दिष्टासाठीच वापरायचा, सभासदांना लाभांश द्यायचा नाही. म्हणजे दिवाळीला गट नफा वाटून घेतो, ते बंद. भाकरी भाजल्याची मजुरी मिळेल, नफ्यातला वाटा नाही. पुढे कंपनी गुंडाळलीत तर देणी भागवून उरलेलं पीठाचं मशीन आणि शिल्लकसुद्धा घरी नेता येत नाही, तशाच दुसऱ्या कंपनीकडे किंवा विकून सरकारी निधीत जातं. विक्री शून्य असली तरी ऑडिट दरवर्षी. एओसी-4 (वार्षिक हिशोब) आणि एमजीटी-7 (वार्षिक विवरण) हे सरकारकडे भरायचे फॉर्म राहिले की प्रत्येकी रोज 100 रुपये लेट फी. दोन्ही वर्षभर राहिले तर 73,000. गटानं एवढे आणायचे कुठून?

करमाफी आपोआप मिळत नाही, आयकर खात्यात वेगळी नोंदणी लागते. देणगीवरची 80जी करसवलत तर देणगीदाराला, तुम्हाला नाही. जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीच लागत नाही, कागद असो वा नसो.

कर्जाचं अर्धं खरं आहे, मान्य. गटांना 10 लाखांपर्यंत विनातारण कर्ज द्यायच्या रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत. पण ते मिळतं पंचसूत्रीवर: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेत परतफेड, पूर्ण हिशोब. बैठकीची तारीख लिहिलीय आणि खाली सह्याच नाहीत, अशा वहीवर प्रकरण अडतं. आधी ती वही पुरी करा.

कुणी आधीच ओटीपी देऊन संचालक म्हणून सही केली असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक) बघा. त्यात ‘एनपीएल’ अक्षरं दिसली तर कलम 8 कंपनी उभी राहिलीय, आणि ऑडिट-फॉर्मची जबाबदारी तुमच्यावर आलेली आहे. आजच सीए गाठा.